दुसरा रकाना

"आई, तू त्या काळ्या टेकडीवर रोज कोणाशी बोलतेस गं?"

प्रश्न माझा नव्हता. पेन्सिल आणि भोंगा या माझ्या दोन मैत्रिणींनी तो माझ्या गळ्यात मारला होता, आणि मी विचारते की शेपूट घालते ते बघायला दोघी बाबांच्या चष्म्याच्या दुकानाबाहेर काचेला नाक लावून उभ्या होत्या. पेन्सिल म्हणजे उंच, किडकिडीत. भोंगा म्हणजे जिची कुजबुजसुद्धा चौकात ऐकू जाते ती. दोघींचा सायकलचा रस्ता टेकडीखालून जातो. सलग तीन दिवस त्यांना माझी आई वर जळक्या उतारावर गुडघे टेकून बसलेली दिसली. एकटी. काहीतरी म्हणायची, मग मान तिरकी करून थांबायची, समोरचा उत्तर देतोय अशी. आणि मग लिहायची.

"विचारून दाखव," भोंगा म्हणाली होती. "मोठी मॉनिटर झालीयेस ना?"

हे बरोबर दुखऱ्या जागी लागलं. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हटलं तरी बाई गैरहजर मांडायच्या, इतका माझा आवाज बारीक. या वर्षी मॉनिटरच्या निवडणुकीत कोणीतरी गंमत म्हणून माझं नाव दिलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि आतून भलतीच मुलगी बाहेर आली. मला ती जाम आवडली. तेव्हापासून मी तिला गप्प बसू देत नाही.

तर विचारलं. आई काउंटरपाशी उभी राहून तिचं मोजणीचं भिंग पुसत होती. तिच्या पँटच्या गुडघ्यांवर काजळीचे दोन गोल होते. बाबा एका फ्रेमचा स्क्रू पिळत होते, ते मान वर न करताच म्हणाले, "भांडत असेल कोणाशीतरी. घरी मी एकटा पुरत नाही तिला."

मी हसले. बाबा हसले. आई हसली नाही. तिने भिंग कापडात गुंडाळलं, हळूच, झोपलेल्या बाळाला गुंडाळावं तसं, आणि म्हणाली, "उद्या शनिवार आहे. चल माझ्याबरोबर. स्वतःच बघ."

काचेपलीकडे भोंगा अंगठा दाखवून नाचत होती. मी मात्र ओरडा खायची तयारी करून आले होते. 'स्वतःच बघ'ची नव्हती.

*

आईचं काम लोकांना सांगताना नेहमी गोंधळ होतो. ती डोंगर जाळणाऱ्या लोकांत आहे म्हटलं की लोक मागे सरकतात. म्हणजे असं: आमच्या गावामागच्या टेकडीवर काटेरी झुडपं इतकी माजली, की त्यांच्याखाली दुसरं काही उगवेना. मग आई जिथे काम करते त्या संशोधन केंद्राच्या लोकांनी उताराचे पट्टे पाडले. काही पट्ट्यांत थंडीत, वारा पडलेला बघून, चारी बाजूंना माणसं उभी करून मुद्दाम आग लावायची. काही पट्टे तसेच ठेवायचे. जमिनीत अशी बियाणी पडून असतात म्हणे, की धूर आणि ऊब लागल्याशिवाय ती डोळे उघडतच नाहीत. दोन महिन्यांनी आई जाते आणि मोजते. जाळलेल्या पट्ट्यात किती कोंब, न जाळलेल्यात किती. आगीने भलं झालं की वाटोळं, हे बोलून नाही, मोजून ठरवायचं.

आणि मोजायला नेहमी दोघं लागतात. हा केंद्राचा नियम. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट जमिनीवर ठेवायची. पहिल्याने आतले कोंब मोजायचे, तक्त्याच्या पहिल्या रकान्यात आकडा लिहायचा, त्यावर पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची आणि पाठ फिरवून उभं राहायचं. मग दुसऱ्याने मोजायचं आणि दुसऱ्या रकान्यात लिहायचं. कारण माणूस फार लबाड असतो, त्याला जे हवं असतं ते त्याला जास्त दिसतं. हे मला दुसरेकाकांनी सांगितलं होतं.

दुसरेकाका म्हणजे आईचा दुसरा मोजणारा. अकरा वर्षं ते दुसरे आणि आई पहिली, म्हणून मी लहानपणापासून त्यांना दुसरेकाका म्हणायचे. त्यांच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, बाबांनीच बनवलेल्या. मोजताना ते चष्मा काढून चौकटीच्या कोपऱ्यात ठेवायचे, पालथे पडायचे आणि नाक मातीला लावायचे. तसं त्यांना नखाएवढा कोंबही दिसायचा, म्हणून त्यांचा आकडा आईपेक्षा दोन-चारने जास्तच. "उन्हात काच ठेवता, परत आग लागेल ना," असं मी एकदा म्हटलं होतं, तर म्हणाले, "अगं वेडे, ही उणे नंबरची काच. हिला आग लावता येत नाही, नुसती बघता येते."

यंदाच्या आगीच्या महिनाभर आधी दुसरेकाका त्यांच्या घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

*

सकाळी साडेआठला आम्ही पट्टा सातच्या खुंटीपाशी होतो. मी खालून टेकडी शंभरदा पाहिलीय, पण त्या काळ्यात उभी कधी राहिले नव्हते. आग लागून दोन महिने झाले होते, मधे दोन सरीही येऊन गेल्या होत्या, तरी वास काल विझल्यासारखा ताजा. झुडपांची जळकी खोडं उतारावर अशी उरली होती, की कोणीतरी गुडघ्यांत डोकं घालून बसलंय असं वाटावं. एक नाही, पन्नास. शेजारच्या पट्टा आठमधे, जो कधीच जाळलेला नाही, पाखरं कलकलत होती. इकडे एकही नाही. रस्त्यावरचा आवाज खुंटीपर्यंत येत होता, खुंटीच्या आत पाऊल टाकलं की तो कोणीतरी दार लावल्यासारखा बंद.

"आई, इथे एवढं शांत का गं?"

"सवय होते," आई म्हणाली.

खुंट्यांना पत्र्याचे बिल्ले लटकत होते, आणि बिल्ल्यांवर रंगांचे ठिपके. प्रत्येक ठिपका वेगळ्या उष्णतेला वितळतो, त्यावरून आग किती तापली होती ते कळतं. सातमधले सगळे ठिपके वितळून ओघळले होते, रडलेल्या डोळ्यांसारखे. बिल्ला उचलला तर तो कोमट लागला. उन्हाने असेल. तेव्हा ऊन आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, पण असेल.

पण खाली! खाली वाकून बघितलं आणि मी चक्क किंचाळले. काळ्याभोर मातीत हिरवे टिपके. इतके, की पाय कुठे ठेवू कळेना. कुठे दोन पानं, कुठे एकच, कुठे नुसती वाकलेली मान.

"ही आपली झाडं," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "चाळीस वर्षं खाली झोपली होती."

प्रत्येक पट्ट्यात वीस चौकोन. तीन दिवसांत आईने सातमधले अठरा आणि आठमधले वीसच्या वीस उरकले होते. राहिले दोन. एकोणिसाव्यावर तिने चौकट ठेवली, मोजलं, लिहिलं, पट्टी सरकवली. मग सामानाच्या पेटीतून चष्मा काढला. बाटलीच्या बुडाच्या काचांचा. तो चौकटीच्या कोपऱ्यात ठेवला, चौकोनाकडे पाठ केली, दूर बघत राहिली आणि रोज चहा विचारावा तितक्या सहज म्हणाली, "दुसरे, किती?"

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

मान तिरकी करून ती थांबली. मी पण ऐकत होते, ऐकू नये असं ठरवून ऐकत होते. आणि मातीतून आवाज आला. तड. तड, तड. बारीक, वाळकी काडी पेटताना करते तसा. पायाखाली नाही, चौकटीच्या आतून. जिथे जळायला काहीच उरलं नव्हतं.

आईने पेन्सिल डाव्या हातात घेतली, दुसऱ्या रकान्यात आकडा लिहिला आणि पट्टी त्यावरही ओढली. दुसरेकाका डावखुरे होते.

"आई." माझा जुना बारीक आवाज परत आला होता. "दुसरेकाका नाहीत आता."

"माहीत आहे गं मला. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मीच घातलं." ती खाली बसली. "दोन रकाने भरलेले नसले तर तक्ता घेतच नाहीत. नवीन माणूस मागितला, तर केंद्राच्या मॅडम म्हणाल्या पुढच्या वर्षी बघू. आणि सोमवारी या तक्त्यांवर ठरणार, टेकडीवर पुढे आग लावायची की सगळं बंद करायचं. बंद झालं तर दोन वर्षांत काटे सातवर चढतील. अकरा वर्षांचं काम मातीत जाईल. मी ठरवलं होतं, माझ्याच आकड्यात दोन मिळवून लिहायचे. हातच चालेना. मग नुसतं सवयीने विचारलं, दुसरे, किती? आणि आला आकडा. डोक्यात नाही, कानात."

"तुला वाटतं तसं."

"मग तू मोज."

*

मी मोजलं. मॉनिटर आहे मी, भुताला घाबरून कसं चालेल! चौकोनाकाठी पालथी पडले, नाक मातीला लावलं, प्रत्येक कोंबाजवळ आगकाडी रोवत गेले म्हणजे दोनदा मोजला जायला नको. त्रेचाळीस.

आईने पट्टी बाजूला केली. पहिला रकाना: अडतीस. दुसरा रकाना, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात: त्रेचाळीस.

"योगायोग," मी म्हटलं.

बाराव्यावर गेलो. मी, सतरा. रकाना, सतरा. पाचव्यावर गेलो. मी, एकोणतीस. रकाना, एकोणतीस. आईचा स्वतःचा आकडा दर वेळी कमी. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड येत होता, की मला बघवेना आणि नजर काढवेना.

शेवटी विसावा. आधी आईचं सगळं झालं, तिचा आकडा, चष्मा, तो प्रश्न, तो तडतड आवाज, डावा हात. मग मी. एकतीस. परत मोजलं, एकतीस. आईने पट्टी काढली. बत्तीस.

"चुकले!" मी ओरडले, इतक्या आनंदाने की शेजारच्या पट्ट्यातली पाखरं उडाली. "चुकले तुझे दुसरे!"

आईने वाकून कोपऱ्यातला चष्मा उचलला. उजव्या काचेखाली एक कोंब होता. एका पानाचा, काचेच्या वजनाने मान मोडलेला.

बत्तीस.

मला आठवतंय, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. उलट रडू आलं, आणि ते चांगलं रडू होतं. दुसरेकाका इथेच आहेत, नाक मातीला लावून. आईने मला जवळ घेतलं. आम्ही दोघी काजळीने माखलेल्या. खालून पेन्सिलने बघितलं असतं तर तिला अजून दोन खोडं उगवली असं वाटलं असतं.

"पटलं?" आई म्हणाली.

पटलं होतं. शंभर टक्के. म्हणूनच मी म्हणाले, "आठचा तक्ता दाखव ना. तिकडेपण बघते मी त्यांना."

*

आठचा तक्ता बघितला आणि मला आधी काही वेगळं दिसलंच नाही. मग दिसलं. आईच्या रकान्यात आकडे होते. एक, शून्य, दोन, एक, शून्य. काट्यांखाली अंधारात जेवढं दिसलं तेवढं. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वीस शून्य.

"आई, दुसरेकाकांचा आकडा तुझ्यापेक्षा कमी कधी आला होता?"

"अकरा वर्षांत? कधीच नाही."

"मग इथे?"

आईने तक्ता हातात घेतला. तिने तो आधी पाहिलाच नसावा, म्हणजे लिहिला होता पण पाहिला नव्हता. "थकले असतील," ती म्हणाली.

"मेलेला माणूस थकतो का गं?"

शब्द तोंडातून निघाले आणि मला माझीच जीभ चावावीशी वाटली. पण आता थांबणं शक्य नव्हतं. मी काट्यांत शिरले. स्वेटरचे धागे निघाले, हातावर ओरखडे उठले, कान फाटता फाटता वाचला. तिसऱ्या चौकोनात पालथी पडले. आत सावली, ओल, पानांचा कुजका वास आणि डोक्यावर पाखरांचा असा गलका, की चाळीतल्या नळावर कमी भांडणं होत असतील. पाच मिनिटं नुसती काळोखाला सरावले. मग दिसायला लागले. पांढुरके, लांबुडके, उजेडासाठी माना ताणलेले. एक. दोन. मुळाच्या वळशात तिसरा. सहा होते. सहा!

"सहा आहेत आई! तुला दोन दिसले, त्यांना शून्य?"

"सहाने काय फरक पडतो? तिकडे त्रेचाळीस आहेत. आग जिंकतेच."

"जिंकतेच, मग खोटं कशाला सांगायचं?" मी काट्यांतून डोकं बाहेर काढलं. "आई, तू सांग. दुसरेकाकांना इथे सहा कोंब असते आणि ते शून्य म्हणाले असते?"

आई सातकडे बघत राहिली. मीही बघितलं. काळा उतार, गुडघ्यांत डोकी घातलेली ती पन्नास खोडं. सातमधे ज्याने एकही कोंब सोडला नाही, काचेखालचासुद्धा, त्याने इथले सगळे पुसून टाकले होते. ज्याला जे हवं असतं ते त्याला जास्त दिसतं. दुसरेकाकांना काही हवं नव्हतं, त्यांना फक्त मोजायचं होतं. मग हे सगळं कोणाला हवं होतं? कोणाला वाटत होतं की आठही जळावा, नववाही जळावा, दर वर्षी, सगळा डोंगर?

आईने ओठ हलवले. आवाज जेमतेम निघाला. "मग मी रोज कोणाशी बोलत होते?"

भोंग्याचा प्रश्न, जशाचा तसा.

आणि सातमधून, भर उजेडात, आम्ही काही न विचारता उत्तर आलं. तड. मग सगळीकडून, उतारभर, पन्नास खोडांच्या बुडातून, तड तड तड तड, घाईघाईने, एकावर एक, आधी आपलं ऐका म्हणून भांडल्यासारखं. धूर नाही. ज्योत नाही. फक्त तो आवाज, आणि तोंडावर आलेली गरम झुळूक.

आम्ही पळालो नाही. पळालो असं मी मैत्रिणींना कधीच सांगणार नाही. आम्ही भरभर चाललो.

*

संध्याकाळी दुकान बंद करताना बाबांनी चष्मा हातात घेतला, दिव्यासमोर धरला आणि अंगठ्याने काजळी पुसली. "उणे साडेअकरा," ते म्हणाले. "दोनदा काच फुकट गेली होती माझी, तेव्हा जमला." आईने त्यांना सगळं सांगितलं होतं, अक्षरं वाचायच्या तक्त्याखाली, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून. बाबांनी एकही विनोद केला नाही, त्यावरून मला कळलं त्यांनाही घाम फुटलाय.

"तक्ता देऊन टाकते," आई म्हणाली. "आकडे जवळपास खरेच आहेत. मॅडमना सांगितलं तर सगळं कचऱ्यात टाकतील. काटे जिंकतील. त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा काय?" बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी परत त्यालाच विचारणार?"

दुकानात घड्याळाची टिकटिक. एरवी मला तो आवाज आवडतो. आज मी उठून ते घड्याळ भिंतीवरून काढलं आणि उशीखाली ठेवतात तसं कापडांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. दोघं माझ्याकडे बघायला लागले. आता बघतायतच, तर बोलून घ्यावं.

"ऐका," मी म्हटलं, आणि आवाज बारीक नव्हता. "दुसरा रकाना आता माझा. सोमवारपासून रोज शाळा सुटली की मी टेकडीवर येणार, सात आणि आठ, चाळीसच्या चाळीस चौकोन, पहिल्यापासून. आई मोजेल तेव्हा मी पाठ करून उभी राहीन आणि मी मोजेन तेव्हा आई. तिथे एकमेकींशिवाय कोणाशी एक शब्द बोलायचा नाही, कितीही तडतड झाली तरी. दुसरेकाकांचा चष्मा इथेच राहील, बाबांच्या कपाटात. आणि आई, हा रकाना तू डाव्या हाताने भरलास हे सोमवारी सकाळी मॅडमना तू सांगायचंस आणि पंधरा दिवस मागायचेस. तू आत जाशील तेव्हा मी दाराबाहेर उभी असेन. तू नाही सांगितलंस, तर मी सांगणार. ठरलंय माझं."